अबुल वफा बुझजानी : कर्जालाही संख्या मानणारे बगदादचे गणिती

सहावी-सातवीच्या वर्गात दरवर्षी एक दिवस असा येतो की मुलं माझ्याकडे संशयाने बघू लागतात. तोपर्यंत गणिताचं सगळं ठीक चाललेलं असतं. पाचातून तीन गेले, दोन उरले. मग मी फळ्यावर तीनातून पाच वजा करतो आणि उत्तर उणे दोन असं लिहितो. मुलांना वाटतं सर काहीतरी बनवाबनवी करतायत. दोन आंबे डोळ्यांना दिसतात, उणे दोन आंबे कुठल्या टोपलीत असतात? त्यातच पुढे उणे तीन चतुर्थांश आला की हुशार मुलंही हात वर करायची थांबतात.

मुलांचा प्रश्न चुकीचा नाही. मोठमोठ्या गणितज्ञांनाही शतकानुशतके तो पडला होता. त्याचं एक साधं, बाजारातलं आणि घरातलं उत्तर हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये एका माणसाने आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. ते पुस्तक त्यांनी विद्वानांसाठी नव्हे, तर कचेरीतल्या कारकुनांसाठी लिहिलं होतं. त्या माणसाचं नाव अबुल वफा बुझजानी. आपल्या घरांत अल-ख्वारिझमी, इब्न सीना, अल-बिरुनी ही नावं अधूनमधून घेतली जातात. अबुल वफांचं नाव त्या मानाने कमी ऐकू येतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

चुलते आणि मामांकडून मिळालेलं इल्म

हिजरी सन ३२८ च्या रमजानची पहिली तारीख, म्हणजे इ.स. ९४० मधील १० जून. खुरासानातल्या बुझजान या गावी अबुल वफांचा जन्म झाला. हे ठिकाण आजच्या इराणच्या ईशान्य भागात, तुर्बत-ए-जाम शहराजवळ येतं. त्यांचं पूर्ण नाव मुहम्मद बिन मुहम्मद बिन याह्या बिन इस्माईल. अबुल वफा ही त्यांची कुन्यत.

अंकगणित ते घरातच शिकले. एक चुलते आणि एक मामा, दोघेही हिशेबात जाणकार होते. त्यांच्या हाताखाली या मुलाची बैठक पक्की झाली. आजही आपल्याकडे कितीतरी मुलांचा पहिला हिशेब चाचांच्या दुकानातल्या गल्ल्यावर किंवा मामूंच्या वहीत होतो. तेव्हाही तसंच होतं.

हिजरी ३४८ म्हणजे इ.स. ९५९ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, अबुल वफा बगदादला आले आणि आयुष्याची पुढची सगळी वर्षं तिथेच राहिले. त्या काळी गादीवर अब्बासी खलिफा असले तरी खरी सत्ता बुवैही घराण्याच्या हातात होती. राज्य मोठं, फौज मोठी आणि खर्चही मोठा. शेतसारा वसूल करायचा, सैनिकांचे पगार वाटायचे, नदीतून येणाऱ्या मालाचा हिशेब ठेवायचा, एका प्रकारचं नाणं दुसऱ्यात बदलून द्यायचं. हे सगळं काम कातिब म्हणजे लेखनिक आणि आमिल म्हणजे वसुली अधिकारी करत असत. यांचा हिशेब एका दाण्याने चुकला तरी कुठल्यातरी शेतकऱ्याच्या किंवा शिपायाच्या पोटावर पाय येणार, हे उघड होतं.

कारकुनांसाठी लिहिलेलं पुस्तक

इ.स. ९६१ ते ९७६ या काळात अबुल वफांनी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबलचक अरबी नावाचा अर्थ असा की, लेखनिकांना आणि अधिकाऱ्यांना हिशेबाच्या शास्त्रातलं जे जे लागतं त्याचं पुस्तक. पुस्तकाचे सात भाग आहेत आणि प्रत्येक भागात सात प्रकरणं. अरबीत या भागांना मंजिल म्हटलं आहे. पहिली मंजिल गुणोत्तर आणि अपूर्णांकांची, दुसरी गुणाकार-भागाकाराची, तिसरी मोजमापाची. पुढच्या चार मंजिलांमध्ये करवसुली, पिकाची वाटणी, नाणेबदल, सैनिकांचा पगार, व्यापाऱ्यांचे व्यवहार असे रोजचे विषय येतात.

या पुस्तकाची एक गंमत आहे. आपण आज वापरतो ते हिंदुस्थानी अंक त्याआधीच बगदादला पोहोचले होते. अल-ख्वारिझमींनी त्यावर नवव्या शतकातच पुस्तक लिहिलं होतं. अबुल वफांनाही ते अंक चांगले ठाऊक होते. तरीही या पुस्तकात त्यांनी सगळ्या संख्या अक्षरांत लिहिल्या आहेत. कारण ज्यांच्यासाठी ते लिहीत होते ते लोक हिशेब मनात आणि बोटांवर करत. समोरच्या माणसाला जी भाषा कळते त्या भाषेत शिकवायचं, हा नियम त्यांनी पाळला. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बोलके आणि मुके अपूर्णांक

अरबीत अर्ध्यापासून दशांशापर्यंतच्या भागांना स्वतःची नावं आहेत. निस्फ म्हणजे अर्धा, सुलुस म्हणजे तिसरा हिस्सा, रुबा म्हणजे पाव, तसंच पुढे उश्र म्हणजे दहावा हिस्सा. उश्र हा शब्द शेतीच्या जकातीमुळे आपल्याला माहीत आहेच. अकरावा किंवा तेरावा हिस्सा मात्र एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून जे भाग नावाने बोलून दाखवता येतात ते बोलके आणि जे येत नाहीत ते मुके, अशी विभागणी त्या काळचे हिशेबनीस करत. आज उर्दू माध्यमाच्या पुस्तकात परिमेय संख्येला नातिक अदद म्हणतात. नातिक म्हणजे बोलणारा. शब्द त्याच जुन्या मुळाचा आहे, फक्त आजचा अर्थ जास्त व्यापक झाला आहे. दोन पूर्णांकांचं गुणोत्तर म्हणून जी संख्या लिहिता येते, छेद शून्य नसला म्हणजे झालं, ती परिमेय. मग ती अकरावा हिस्सा असो की तेरावा.

कारकुनांना अडचण यायची ती अवघड भागांची. अबुल वफांनी त्यांना रीत दाखवली की कुठलाही भाग ओळखीच्या छोट्या भागांच्या बेरजेत कसा मांडायचा. त्यासाठी साठ हा आकडा हाताशी धरायचा, कारण साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा अशा पुष्कळ संख्यांनी भाग जातो. समजा ७/१२ हवे आहेत. साठाचे बारा भाग केले तर एक भाग पाचाचा, सात भाग पस्तिसाचे. पस्तीस म्हणजे वीस आणि पंधरा. वीस हा साठाचा तिसरा हिस्सा आणि पंधरा हा पाव. म्हणजे सात-बारांश म्हणजे तिसरा हिस्सा अधिक पाव. कागद नसला तरी बाजारात उभ्या उभ्या हा हिशेब होतो. आपले आजोबा पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे पाठ करत, त्यामागेही हीच गरज होती.

तीनातून पाच : कर्ज दोन

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या मंजिलात अबुल वफांनी दहाच्या आतल्या दोन संख्यांचा गुणाकार करण्याची एक युक्ती दिली आहे. समजा आठ गुणिले सात करायचे आहेत. आठाला दहा व्हायला दोन कमी, साताला तीन कमी. पहिल्या संख्येतून दुसरीची कमी वजा करा : आठातून तीन गेले, पाच उरले. हे पाच दशक, म्हणजे पन्नास. आता दोन्ही कमी एकमेकींना गुणा : दोन त्रिक सहा. पन्नास आणि सहा, छप्पन्न. घरी करून बघा, प्रत्येक वेळी उत्तर बरोबर येईल.

पण अबुल वफा सोप्या उदाहरणावर थांबले नाहीत. त्यांनी तीन गुणिले पाच घेतले. तीनाला सात कमी, पाचाला पाच कमी. आता रीतीप्रमाणे तीनातून पाच वजा करायचे. इथे साधा कारकून हात टेकणार. अबुल वफांनी सांगितलं की इथे दोनाचं दैन राहिलं, म्हणजे दोनाचं कर्ज. त्या कर्जाची दहापट म्हणजे वीस कर्ज. दुसरीकडे सात गुणिले पाच म्हणजे पस्तीस, ही जमा. पस्तीस जमेतून वीस कर्ज फिटलं, उरले पंधरा. तीन पाचा पंधरा!

उत्तर तर पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे. मोठी गोष्ट वेगळी आहे. मधल्या पायरीवर आलेली संख्या शून्याच्या खालची होती आणि अबुल वफांनी ती टाकून दिली नाही. तिला नाव दिलं, तिचा गुणाकार केला, तिला जमेत मिसळलं आणि हिशेब शेवटास नेला. जगात न दिसणारी संख्या हिशेबात खरी ठरली. त्या काळच्या अरबी अंकगणिताच्या पुस्तकांत ऋण संख्येचा असा वापर आजवर फक्त याच पुस्तकात सापडला आहे, असं गणिताचे इतिहासकार मानतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या लोकांना कधीकधी प्रत्येक शोध आपल्याच पूर्वजांच्या नावावर लावायचा मोह होतो. ऋण संख्या अबुल वफांनी शोधल्या नाहीत. चीनमध्ये त्यांच्या कितीतरी शतकं आधी हिशेबाच्या लाल आणि काळ्या काड्या जमा आणि वजा दाखवायला वापरल्या जात. आपल्या भारतात ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम स्पष्ट लिहिले. मराठी पाठ्यपुस्तकातले धन संख्या आणि ऋण संख्या हे शब्द त्याच परंपरेतले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. बगदादमधला दैन आणि भारतातला ऋण, दोन्हींचा अर्थ एकच. ब्रह्मगुप्तांचा हा भाग अबुल वफांपर्यंत पोहोचला होता की नाही, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, कर्जाचा अनुभव माणसाला सगळीकडे सारखाच असतो हे मात्र खरं. अबुल वफांनी हे एकाच जागी केलं, त्याचं पूर्ण शास्त्र बनवलं नाही. ते काम पुढे बाराव्या शतकात बगदादच्याच अस-समवअल यांनी केलं. त्यांनी बीजगणितात वजा संख्यांचे नियम नीट मांडले.

मुलांना समजवताना

मुलांना संख्यारेषा दाखवण्याआधी मी आता कर्जाची गोष्ट सांगतो. मधे शून्य : ना कुणाचं देणं, ना खिशात पैसा. उजवीकडे जमा, डावीकडे देणं. जमा पावही असते, दीडही असते, तसंच देणंही पाव किंवा दीड असू शकतं. झालं, धन आणि ऋण परिमेय संख्या तयार झाल्या.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती तुलना करताना. पाऊण हा अर्ध्यापेक्षा मोठा, म्हणून उणे पाऊणही उणे अर्ध्यापेक्षा मोठा, असं त्यांना वाटतं. कर्जाच्या भाषेत विचारलं की लगेच चूक सुधारते. ज्याच्यावर पाऊण रुपया उधारी आहे तो जास्त अडचणीत, की अर्धा रुपया उधारी असलेला? अर्थात पाऊणवाला. म्हणून −३/४ ही संख्या −१/२ पेक्षा लहान, आणि रेषेवर तिच्याही डावीकडे. उणे गुणिले उणे अधिक का होतं, हेही असंच उलगडतं. दुकानदाराने तुमच्या वहीतली अर्ध्या-अर्ध्या रुपयाची तीन देणी खोडून टाकली, तर तुम्ही दीड रुपयाने वर आलात. देणं काढून घेणं म्हणजे देण्याचं देणं, ते जमेकडेच जातं.

कारागिरांच्या बैठकीत, ताऱ्यांच्या खाली

अबुल वफा फक्त हिशेबनीस नव्हते. सुतार, गवंडी, फरशीवर नक्षी करणारे यांच्यासाठी त्यांनी भूमितीचं वेगळं पुस्तक लिहिलं. भूमितीचे जाणकार आणि कारागीर एकत्र बसत, त्या बैठकांना ते हजर असत. तीन सारख्या चौरसांचे तुकडे करून एकच मोठा चौरस कसा बनवायचा, हा तिथला एक प्रश्न. कारागिरांची रीत डोळ्यांना बरोबर दिसायची पण मापात चुकायची. विद्वानांची रीत कागदावर बरोबर होती पण हाताने कापायला उपयोगी नव्हती. अबुल वफांनी दोघांच्या चुका दाखवल्या आणि कापता येईल अशी बरोबर रीत दिली.

त्रिकोणमितीत त्यांनी ज्या म्हणजे साइनची सारणी इतकी अचूक केली की अर्ध्या अंशाचं त्यांचं मूल्य आजच्या दशांश पद्धतीत आठ स्थळांपर्यंत बरोबर येतं. आकाशाच्या गोलावरचे त्रिकोण सोडवण्याचे नियम त्यांनी सोपे केले. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा काढायला हेच गणित लागतं. बुवैही सुलतान शरफुद्दौला यांनी बगदादच्या राजवाड्याच्या बागेत वेधशाळा उभारली. ती इ.स. ९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे प्रमुख अल-कूही होते आणि निरीक्षकांमध्ये अबुल वफा होते.

२४ मे ९९७ च्या रात्रीची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. अबुल वफा तेव्हा छप्पन्न वर्षांचे, बगदादमध्ये. दूर ख्वारिझममधल्या काथ शहरात तेवीस वर्षांचे तरुण अल-बिरुनी. दोघांनी आधी ठरवून एकच चंद्रग्रहण आपापल्या शहरातून बघितलं आणि स्थानिक वेळ नोंदवली. दोन्ही वेळांत साधारण एका तासाचा फरक निघाला. त्यावरून दोन शहरांच्या रेखांशांतलं अंतर काढता आलं. एवढे नावाजलेले उस्ताद, पण एका तरुणाबरोबर बरोबरीने काम करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

माणसांना मदत करण्याचीही त्यांना सवय होती. अबू हय्यान अत-तौहीदी हे मोठे लेखक हालाखीत होते, तेव्हा अबुल वफांनीच त्यांची वजीर इब्न सअदान यांच्याशी गाठ घालून दिली. वजिराकडे रात्री ज्या चर्चा झाल्या त्या तौहीदींनी अबुल वफांच्याच सांगण्यावरून लिहून काढल्या. अरबी साहित्यातलं एक गाजलेलं पुस्तक त्यातून तयार झालं.

इ.स. ९९८ च्या सुमारास बगदादमध्येच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची बरीच पुस्तकं काळाच्या ओघात हरवली. अल-ख्वारिझमींच्या बीजगणितावर त्यांनी लिहिलेलं भाष्यही आज उपलब्ध नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका विवराला अबुल वफा हे नाव देण्यात आलं आहे.

आपल्या वहीतलं ऋण

आता शेवटची गोष्ट, जी मला मुलांपेक्षा त्यांच्या पालकांना सांगायची आहे. आपण जमा लिहितो, ऋण लिहायला कचरतो. घरातला कर्ता माणूस जातो, चाळिसावा होतो आणि वाटणीची भाषा सुरू होते. घर किती, जमीन किती, हे सगळ्यांना पाठ असतं. देणं किती, हे कुणी विचारत नाही. शरीयतचा क्रम मात्र स्पष्ट आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मर्यादेतली वसीयत आणि त्यानंतरच वारसांचे हिस्से. आणि पत्नीचं न दिलेलं मेहर हेही कर्जच आहे.

एक उदाहरण घेऊ. एका माणसाने १२ लाख रुपये मागे ठेवले. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. दफनाचा खर्च भागला आहे, वसीयत नाही. मेहर ४० हजार आणि बाहेरची उधारी २ लाख, म्हणजे ऋण २ लाख ४० हजार. जमेत ऋण मिळवलं की उरतात ९ लाख ६० हजार. पत्नीचा आठवा हिस्सा १ लाख २० हजार. उरलेल्या ८ लाख ४० हजारांतून मुलाला दोन भाग म्हणजे ५ लाख ६० हजार, मुलीला एक भाग म्हणजे २ लाख ८० हजार. आईच्या हाती मेहर धरून १ लाख ६० हजार येतात. बाहेरची उधारी आधी फेडून मेहर मात्र विसरलं, तर तिला १० लाखांचा आठवा हिस्सा, म्हणजे सव्वा लाखच मिळेल. पस्तीस हजार रुपये तिच्या हातून गेले, आणि घरात कुणाला आपण काही चुकीचं केलं असं वाटणारही नाही. प्रत्यक्ष वाटणी करताना जाणकार आलिमांना जरूर विचारा, कारण प्रत्येक घरातले वारस वेगळे असतात. पण विचारायला जाताना वही पूर्ण असू द्या, जमेच्या रकान्यासकट आणि देण्याच्या रकान्यासकट.

अबुल वफांनी तीनातून पाच वजा करताना आलेलं कर्ज लपवलं असतं तर पंधरा हे उत्तर कधीच आलं नसतं. हिशेब कर्ज लिहिल्यामुळे बरोबर आला. आज संध्याकाळी मुलगा किंवा मुलगी उणे संख्यांचा गृहपाठ घेऊन बसली असेल तर तिच्याजवळ पाच मिनिटं बसा आणि ही गोष्ट सांगा. आणि मूल झोपल्यावर आपलीही वही एकदा उघडून बघा. अल्लाह आपल्याला उपयोगी इल्म देवो आणि कुणाचंही देणं डोक्यावर ठेवून या जगातून जाण्यापासून वाचवो. आमीन.